नदीकाठच्या जुन्या घरांची ओढ आणि असं घर घेण्याआधीची तपासणी

ओसरी

नदीकाठच्या लहान गावांतली जुनी घरं, वखारी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या हे सगळं मोठ्या शहरातल्या त्याच वयाच्या इमारतींपेक्षा वेगळं वाटतं. का? ‘जुनं ते सोनं’ एवढ्यावर भागवू नका, बांधणीत नेमकं काय असतं ते हवंय.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. असंच एक घर घ्यायचा विचार आहे. दुमजली, तळाला दगड आणि वर वीट, वय शंभरच्या पुढे, नदी एका गल्लीच्या अंतरावर. बाहेरून कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय. आत कमरेच्या उंचीपर्यंत ओल आहे, रंगाचे पापुद्रे सुटतायत, विटांवर पांढरी भुकटी दिसते. ठेकेदाराचं म्हणणं, ‘आतूनबाहेरून वॉटरप्रूफिंग करून टाकू, कटकट मिटेल.’ काय तपासावं, काय करावं आणि काय अजिबात करू नये?

‘पाडा आणि नवीन बांधा’ हा सल्ला सोडून सगळं चालेल.

---

वखारवाला

पहिल्या प्रश्नाचं घेतो, दुसऱ्यासाठी इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

अशा घरातल्या बहुतेक गोष्टी आधी कामाच्या होत्या, देखण्या नंतर ठरल्या. घराला दोन तोंडं असतात. पाण्याकडचं तोंड मालाचं, रस्त्याकडचं माणसांचं. नदी हाच हमरस्ता होता तेव्हा बांधलेल्या घराचा चांगला घडीव दगड, रुंद दार, कोरीव चौकट नदीच्या बाजूला सापडते. पुढे रेल्वे आली, रस्ते आले, आणि घराचं पुढचं मागे गेलं. म्हणून ‘मागची’ भिंत पुढच्या भिंतीपेक्षा जास्त निगुतीने बांधलेली दिसली, की ते घर बहुधा रस्त्याच्या आधीचं आहे असं समजायला हरकत नाही. भिंतीत नावा बांधायच्या लोखंडी कड्या, पाण्याकडच्या दाराच्या उंबऱ्यावर दोरांनी पडलेले घासे, छपराच्या तिकोन्यात एक दार आणि त्यावर बाहेर आलेली कप्पीची तुळई, या खुणा शोधा.

आतली मांडणीही पाण्यानेच ठरवलेली असते. तळमजला उंच, खिडक्या थोड्या आणि वर, जमीन दगडाची. राहणं वरच्या मजल्यावर. व्हिएतनाममधल्या होई आन गावात थू बोन नदीकाठच्या काही व्यापारी घरांत वरच्या मजल्याच्या तक्तपोशीत चौकोनी झडप ठेवलेली आहे. पूर आला की खालचा माल दोर लावून त्या झडपेतून वर ओढायचा. पाहुण्याला ती झडप म्हणजे गंमत वाटते, पण त्या घराचा सगळा हिशेब तिच्यात आहे: पाणी येणार हे धरलेलंच होतं.

जोत्यांकडे लक्ष द्या. गल्लीच्या एका टोकाला उभं राहून सगळ्या उंबऱ्यांची उंची एका नजरेत घ्या. जुनी घरं बहुतेक एकमेकांशी मिळतीजुळती पातळी धरून असतात, कारण बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी एकच असायचं. मध्येच एखादा उंबरा हातभर खाली असेल तर ते घर तरी नंतरचं, किंवा रस्ता वर आलाय, किंवा कुणीतरी दुकानासाठी दार खाली आणलंय. आपल्याकडे मेणवलीला कृष्णेवर नाना फडणविसांचा घाट आणि वाडा आहे, तिथे हीच गोष्ट ठसठशीत दिसते. पाण्याशी व्यवहार करायला घाट, आणि राहायला त्याच्यावरचा तटबंदीचा वाडा.

सामानाचंही तसंच. वीट बहुधा जवळच्याच गाळाची, म्हणून घराचा आणि काठाचा रंग जुळतो. दगड किंवा लाकूड मात्र पुष्कळदा लांबून आलेलं असतं, कारण बैलगाडीपेक्षा नावेतून जड माल आणणं कितीतरी स्वस्त पडायचं. छोट्या गावात परका दगड दिसला तर तो पाण्यावरून आला असणार.

आणि ही घरं टिकली कशी? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, व्यापार उठून गेला. इंग्लंडमधलं बूडली हे सेव्हर्न नदीवरचं बंदर होतं. १७७२ मध्ये कालवा थोडा खाली स्टोरपोर्टला येऊन मिळाला आणि माल तिकडे वळला. १७९५ च्या पुरात तिथला जुना पूल गेला, १७९८ मध्ये इंजिनिअर टॉमस टेलफर्डने नवा बांधला, पण गेलेला व्यापार परत आला नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं गलीना शिशाच्या खाणींवर उभं राहिलं. नदी गाळाने भरली, रेल्वेने बाकीचं केलं. होई आनचं बंदरही गाळाने उथळ झालं आणि जहाजं दा नांगला जाऊ लागली. १९९९ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. तिन्ही ठिकाणी पाडून नवीन बांधण्याइतका पैसा योग्य वेळी नव्हता. वारसा जपणाऱ्यांनी हे मोठ्याने बोलायचं नसतं, पण गावांची गरिबी ही आजवरची सगळ्यात कार्यक्षम जतन-समिती आहे.

एक उलट उदाहरण. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या सेंट जेनेव्हीव्ह या फ्रेंच वसाहतीच्या गावाने १७८५ च्या मोठ्या पुरानंतर जागाच बदलली, उंचावर सरकलं. तिथल्या काही घरांत लाकडाचे उभे खांब थेट जमिनीत पुरून भिंत केलेली आहे. लाकूड मातीला टेकतं तिथेच आधी कुजतं, त्यामुळे या पद्धतीची मोजकीच घरं उरली. म्हणजे जुन्या लोकांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. चुकीचं होतं ते बहुतांशी पडून गेलं, आपण उरलेलं पाहतो.

---

सुरखी

ठेकेदाराला थांबवा. आधी ओल कुठून येते ते ठरवा, मग औषध.

जुनी भिंत पाणी अडवत नाही, ती पाणी पिते आणि सोडते. चुन्याचे सांधे आणि चुन्याचा गिलावा यांतून ते पाणी हवेत जातं. बाहेरून सिमेंट मारलं की बाहेरचा रस्ता बंद. मग पाणी आतल्या बाजूला वळतं आणि बाष्पीभवनाची रेघ वर सरकते. गुडघ्यापर्यंतची ओल कमरेपर्यंत येते ती अशी. त्यातच सिमेंटला बारीक तडे जातात, पाऊस त्यातून आत शिरतो आणि मागे अडकून बसतो.

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर येतात, पाणी उडतं, क्षार उरतात. भिंतीच्या पृष्ठभागावर आले तर फारसं नुकसान नाही, ब्रशने झाडता येतात. विटेच्या तोंडाच्या आत स्फटिक झाले तर ते फुगून विटेची साल काढतात. तेलरंग, ॲक्रिलिक रंग, सिमेंट यांच्यामागे हेच होतं. वीट आतून सोलली जाते आणि बाहेरून कळतच नाही.

काटे टोचून वाचायच्या ओलावा-मीटरवर विसंबू नका. तो विजेचा रोध मोजतो, आणि क्षारांतून वीज सहज जाते, त्यामुळे कोरडी पण क्षाराळ भिंतही ‘ओली’ दाखवतो. खात्रीचा मार्ग जुनाच. जमिनीपासून साधारण ३०० मिमी, ९०० मिमी आणि १५०० मिमी उंचीवर सावकाश ड्रिल करून भिंतीच्या पोटातली भुकटी काढा. पहिली २०-३० मिमी टाकून द्या. हवाबंद डबीत ठेवून वजन करा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. ओलावा खालून वर पायरीपायरीने कमी होत गेला तर जमिनीची ओल. वरचा आकडा जास्त असेल तर पन्हळ, छप्पर किंवा नळ. मधलाच एक जास्त असेल तर बहुधा नळ. ड्रिल गरम होऊ देऊ नका, नाहीतर भुकटी तिथेच वाळते आणि आकडा खोटा येतो.

मग क्रम असा.

आधी बाहेरची जमीन. रस्ता वर्षानुवर्षं थरांवर थर चढून वर येतो आणि जोतं गिळतो. बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा निदान १५० मिमी खाली हवी. भिंतीला लागून काँक्रीटचा पट्टा असेल तर फोडा, तो पावसाचं पाणी भिंतीवर उडवतो आणि खालची वाफ भिंतीत ढकलतो. त्या जागी खडीचा चर आणि बाहेर उतार. पायाच्या तळाखाली मात्र खणू नका.

दुसरं पन्हळ, पागोळ्या आणि नळ. निम्म्या ‘जमिनीच्या ओली’ इथेच संपतात. पन्हळाचा सांधा गळत असेल तर त्याखालच्या भिंतीवर हिरवट पट्टा असतो.

तिसरं सिमेंट काढणं. आधी एक चौरस मीटरचा तुकडा, नजरेत न येणाऱ्या जागी, छिन्नी-हातोड्याने. सिमेंटबरोबर विटेचं तोंड निघत असेल तर थांबा. अशा ठिकाणी सिमेंट ठेवून फक्त तळातला पट्टा मोकळा करणं कमी नुकसानीचं असतं. सांध्यांतलं सिमेंट हातानेच उकरा. ग्राइंडर सांध्याऐवजी विटेच्या कडा खातो आणि ते नुकसान भरून येत नाही. उकरण्याची खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० मिमी.

चौथं वाळवणं. सोललेल्या भिंतीला महिने द्यावे लागतात. ढोबळ हिशेब २५ मिमी जाडीला एक महिना. म्हणजे ४५० मिमीची भिंत दीड वर्ष घेऊ शकते. तेवढं कुणी थांबत नाही हे मान्य, पण चुना वापरणार असाल तर पूर्ण वाळायची वाट पाहायची गरजही नाही, वरचा लोणा झाडून झाला की पुरे. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून फेका. धुतलात तर तो पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत.

पाचवं चुना. विरवलेल्या (पाण्यात फोडलेल्या) चुन्याचं लोणी, म्हणजे दाट लगदा, निदान तीन महिने पाण्याखाली मुरलेलं असावं. प्रमाण मापाने १ भाग चुना, ३ भाग वाळू. हे ३ उगाच आलेलं नाही, चांगल्या मिश्र दाण्याच्या वाळूत साधारण एक तृतीयांश जागा रिकामी असते आणि चुना ती भरतो. म्हणून मिश्रणाचं आकारमान जवळजवळ वाळूइतकंच राहतं. १० मिमीच्या एका थराला दर चौरस मीटरला १० लिटर मसाला धरा. ४० चौरस मीटर भिंत, दोन थर, म्हणजे ८०० लिटर वाळू आणि सुमारे २७० लिटर चुन्याचं लोणी. वाया जाणारं वेगळं. एकाच दाण्याची बारीक वाळू घेतलीत तर गिलावा तडकणारच. नदीची वाळू गोल दाण्याची आणि गाळाची असेल तर धुऊन, चाळून, टोकदार दाण्याच्या वाळूत मिसळून घ्या.

थर १० मिमीच्या वर जाऊ देऊ नका. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, वरून आत, महिन्याला साधारण १ मिमी या गतीने. त्यासाठी थोडा ओलावाही लागतो. म्हणून भिंत आधी भिजवायची, थर दिल्यावर ओलं गोणपाट लटकवायचं, ऊन आणि वारा टाळायचा, पाच अंशांखाली थंडी असेल तर काम बंद ठेवायचं. पहिल्या एकदोन दिवसांत केसासारख्या भेगा आल्या तर गवंड्याच्या लाकडी रंध्याने पुन्हा घोटा. दुसरा थर पहिला नखाने दबत नाही पण ओरखडा उमटतो अशा वेळी.

कळीचा चुना स्वतः विरवणार असाल तर चुना पाण्यात टाका, पाणी चुन्यावर कधीच नाही. मिश्रण उकळतं आणि उडतं. डोळ्यांवर बंद चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

वर चुन्याची सफेदी. दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, प्रत्येक हाताआधी भिंत किंचित ओली. दाट लावली की भुकटी होऊन हाताला लागते.

ठेकेदार आता ‘भिंतीत केमिकल इंजेक्शन’, म्हणजे ओल अडवायला भोकांतून रसायन सोडणं, सुचवेल. एकसंध विटेच्या भिंतीत त्याचा काही उपयोग होत असेल. तुमच्या तळाच्या दगडी भिंतीत दोन तोंडांच्या मध्ये बहुधा भर टाकलेली आहे, पोकळ्या आहेत. रसायन वाट फुटेल तिकडे जातं आणि सलग थर होतच नाही.

---

ओसरी

फार उपयोगी. एक शंका. नदी एका गल्लीवर आहे. चुन्याचा गिलावा पुरात विरघळून जाणार नाही का? सिमेंट निदान टिकेल तरी.

---

पाणपातळी

पिकलेला चुना विरघळत नाही, तो पुन्हा चुनखडी झालेला असतो. विरघळतो किंवा लोंबतो तो ताजा, काही आठवड्यांचा. त्यामुळे काम पुराच्या मोसमाच्या आधी निदान तीन-चार महिने संपवा. तळाच्या दीड मीटरच्या पट्ट्यात मसाल्यात सुरखी, म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या विटेची बारीक पूड घाला, किंवा हायड्रॉलिक चुना वापरा. दोन्ही हवेची वाट न पाहता पाण्याशीच घट्ट होतात. पुरात खरा जातो तो जिप्समचा गिलावा. तो फुगतो, ओला राहतो, बुरशी धरतो. तळमजल्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचं काहीही नको. सिमेंट टिकेल हे खरं, पण त्याच्या मागची भिंत वाळणार नाही.

आता पूर. घर घेण्याआधी पाण्याची खूण शोधा. नदीकाठच्या गावांत पुराच्या रेषा भिंतीवर वर्षासकट कोरायची पद्धत जगभर आहे. जर्मनीत पासाउ इथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात, तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर शतकांच्या रेषा आहेत. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं, १५०१ नंतरचं सगळ्यात उंच. अमेरिकेत हार्पर्स फेरीला पोटोमॅक आणि शेनान्डोआ मिळतात, तिथे १९३६ ची खूण सगळ्यांच्या वर आहे. अशी रेघ तुमच्या गावात देवळाच्या, पुलाच्या किंवा घाटाच्या भिंतीवर असेल. लेव्हल-नळी लावून ती उंची तुमच्या उंबऱ्यापर्यंत आणा. पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि पाणी एवढ्यावर काम होतं, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. धरणामुळे किंवा बांधामुळे मधल्या काळात नदी बदलली असेल, तर जुनी रेघ कमाल पातळी सांगतेच असं नाही. पण ती सोडून दुसरा इतका प्रामाणिक साक्षीदार मिळणार नाही.

मग ठरवायचं ते एवढंच, पाणी अडवायचं की येऊ द्यायचं. दारांना फळ्या लावून पाणी बाहेर ठेवता येतं, पण साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच. हिशेब बघा. पाणी ०.६ मीटर असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १८० किलोचा आडवा दाब. १ मीटरला ५०० किलो. दीड मीटरला ११०० किलोच्या पुढे. पाण्याची खोली अडीचपट झाली की दाब सहापट होतो. जुनी भिंत उभा भार आनंदाने घेते, आडव्या दाबासाठी ती बांधलेलीच नसते. म्हणून पाणी ६० सेंटिमीटरच्या वर जाणार असं दिसलं की फळी काढा आणि पाणी आत घ्या. दोन्हीकडे सारखं पाणी असलं की भिंतीवर भार राहत नाही. शक्य असेल तर नळाचं स्वच्छ पाणी आधी सोडून तळमजला भरा, गाळाचं पाणी कमी येतं.

वखारवाल्यांनी सांगितलेली जुनी मांडणी म्हणजे हेच. तळमजला पाण्याला द्यायचा, आणि तो दिल्यानंतर लवकर धुऊन वाळेल असा ठेवायचा. नव्या काळातली भर अशी: विजेची बटणं, सॉकेट आणि मीटर ज्ञात पूररेषेच्या वर, तळमजल्याचं सर्किट वेगळं, तारा छताकडून खाली उतरणाऱ्या, जमिनीतून वर येणाऱ्या नाहीत. सांडपाण्याच्या वाहिनीवर उलट-प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह. पुराचं पाणी दाराआधी संडासातून येतं, हे पुष्कळांना पहिल्या पुरात कळतं. तळमजल्याची दारं उचलून काढता येतील अशा बिजागऱ्यांवर. प्लायवूड, एमडीएफ आणि फोम अजिबात नको. दगडी फरशी चुन्यात बसवलेली.

पूर ओसरल्यावरची घाई जास्त घरं पाडते. तळघरात पाणी असेल तर पंप लावून एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, आतला आधार गेला की भिंत आत येते. बाहेरचं पाणी पूर्ण उतरू द्या. मग पातळी एक फूट खाली आणा, खूण करा, रात्रभर थांबा. पाणी परत वर आलं तर अजून वेळ आहे. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी दोन-तीन फूट, पुन्हा रात्रभर थांबा.

गाळ ओला असतानाच काढा, फावडं आणि साधा पाण्याचा पाईप. वाळला की दगडासारखा होतो. जेट मशीन सांधे उडवतं. लाकडी जमीन असेल तर दर चौथी-पाचवी फळी सोडवून खाली वारा जाऊ द्या. फुगलेली दारं तासू नका, वाळल्यावर बहुतेक जागेवर येतात. मोठे हीटर लावून झटपट वाळवलं तर लाकूड पिळतं, चुना सुटतो. खिडक्या उघड्या, पंखे, आणि धीर.

---

वखारवाला

@पाणपातळी, पाणी आत घ्यायला हरकत नाही, पण चित्रं, जुनी लाकडी तक्तपोशी किंवा रंगीत गिलावा तळमजल्यावर असेल तर? मग पाणी बाहेर ठेवणंच बरं ना?

---

पाणपातळी

६० सेंटिमीटरपर्यंत हो. त्याच्या वर तुम्ही तक्तपोशी वाचवायला भिंत पणाला लावताय. भिंत गेली तर तक्तपोशीही जाते. तिथे खरा उपाय आधी करायचा असतो. सुटी होणारी प्रत्येक गोष्ट क्रमांक घालून सुटी होईल अशी ठेवा, दोन माणसांना दोन तासांत वर नेता आली पाहिजे.

---

ओळंबा

ओल आणि पूर झालं. घर घेण्यातला सगळ्यात महाग धोका मात्र वेगळा आहे, तुळयांची टोकं आणि पाया.

तुळई मधोमध कुजत नाही, भिंतीत शिरते तिथे कुजते. ओली भिंत तिला तीन बाजूंनी धरून असते. लाकडात २० टक्क्यांच्या खाली ओलावा असेल तर बुरशी धरत नाही, त्यावर सतत राहिला तर धरते. तळमजल्यावरून प्रत्येक तुळईच्या टोकाशी टोच्या (अणकुचीदार हत्यार) मारा. चांगलं लाकूड ठणकतं आणि टोक दोन-तीन मिमी शिरतं. कुजलेलं बोदं वाजतं, टोक सहज आत जातं, आणि उचकटलं तर लांब तंतू न निघता चौकोनी तुकडे पडतात. बाहेरून पन्हळ गळण्याच्या जागेच्या बरोबर खालचं टोक आधी तपासा. त्याच भिंतीत वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधा.

टोक गेलं म्हणून सगळी तुळई काढायची नसते. कुजलेला भाग निरोगी लाकडाच्या आत ३०० मिमीपर्यंत कापून त्याच जातीचं, वाळलेलं लाकूड तिरक्या सांध्याने जोडतात आणि स्टेनलेस बोल्टने आवळतात. आधी तुळईखाली धीरा (तात्पुरता टेकू) देणं आणि नंतर तुळईच्या टोकाभोवती भिंतीत हवेला २०-२५ मिमी जागा सोडणं या दोन गोष्टी सुतार विसरतात. सिमेंटमध्ये गच्च बसवलेलं नवं टोक थोड्याच वर्षांत जुन्याच्या वाटेने जातं.

भेगांचं. १ मिमीपर्यंतच्या केसरेषा सोडून द्या. ५ मिमीपर्यंत दुरुस्तीचं काम. ५ ते १५ मिमी म्हणजे कारण शोधल्याशिवाय बुजवायची नाही. १५ च्या वर इंजिनिअर, आणि सौदा तोपर्यंत थांबवायचा. रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे भेग चालू आहे की थांबलेली. आतल्या कडा काळवंडलेल्या, धूळ आणि जाळी धरलेल्या असतील तर जुनी. कडा उजळ असतील तर चालू. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू बसवा आणि कॅलिपरने दर महिन्याला अंतर मोजा, निदान वर्षभर. नदीकाठची चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तीन महिन्यांच्या मापावरून काहीच सिद्ध होत नाही. वर्षाच्या शेवटी भेग मूळ मापावर आली तर तो ऋतूचा श्वास. येत नसेल तर पाया चाललाय.

खाली रुंद, वर निमुळती भेग असेल तर बहुधा भिंतीचा मधला भाग बसतोय. वर रुंद असेल तर टोक खचतंय. नदीच्या बाजूचा कोपरा खचत असेल तर वाहत्या पाण्याने पायाखालची माती नेली का ते पाहा, फुटलेलं गटार असलं तरी हेच होतं. जुनं घर जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर उभं असेल तर उलटी गंमत. खुंट्या पाण्याखाली शतकानुशतकं टिकतात, पण भूजल खाली गेलं की वरचं टोक हवेत येऊन कुजतं. शेजारी खोल तळघर खणलं जात असेल किंवा मोठा पंप चालत असेल तर आधी तिकडे चौकशी.

भिंतीला पोट आलं असेल तर ओळंबा लावा. पोट आणि ओळंबा यांतलं अंतर भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या जवळ जाऊ लागलं तर भाराची रेघ भिंतीच्या मधल्या सुरक्षित पट्ट्यातून बाहेर निघालेली असू शकते. तिथे स्वतःचं डोकं चालवू नका. दगडी भिंतीत दोन तोंडं सुटी होऊन एकच बाहेर येतं, हेही असतं. मुठीने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर आतली भर खाली बसली आहे.

घर पाहायला जाताना: टॉर्च, टोच्या, ओळंबा, मीटरटेप, पारदर्शक नळी दहा मीटर, खडू, आरसा (तुळयांच्या मागे पाहायला), आणि शिडी. पहिली फेरी कोरड्या दिवशी करा. दुसरी मुसळधार पावसात, आणि अर्धा तास नुसतं बाहेर उभं राहून पाणी कुठून कुठे जातंय ते बघा. विक्रेत्याने नुकतीच सफेदी मारलेली खोली असेल तर तिथे जास्त वेळ द्या.

---

ओसरी

सिमेंटचा एक चौरस मीटर जिन्याखाली काढून बघतो. विटेची साल निघाली तर इथेच फोटो टाकेन. @सुरखी, भुकटी वाळवायला घरचा ओव्हन चालेल का?

---

सुरखी

चालेल, पण त्याच्या आकड्यावर विश्वास नको, आत वेगळं थर्मामीटर ठेवा. सिमेंट काढताना धूळ उडते, मुखपट्टी लावा. आणि जिन्याखालची जागा सोडून द्या, तिथे हवा फिरत नाही म्हणून ओल मुळातच जास्त असते. बाहेरून, पन्हळापासून लांबचा तुकडा घ्या.